आधी शांत करा, मग भडकवा: प्लेटलेटमधलं सिग्नलिंग ब्लॉटवर कसं पकडायचं

माझा पहिला ब्लॉट, म्हणजे पेशीतली प्रोटीनं जेलवर वेगळी करून अँटिबॉडीने दाखवणारी पट्टी, अजून वहीत चिकटवलेला आहे. सहा लेन, म्हणजे सहा सॅम्पलच्या उभ्या रांगा, सहाही काळ्या. पहिल्या लेनमधल्या प्लेटलेटना काहीच दिलं नव्हतं, बाकीच्या पाचात थ्रॉम्बिन, म्हणजे प्लेटलेट भडकवणारं एन्झाइम, आणि बँड बघावा तर सगळीकडे सारखाच ठसठशीत. मॅडमनी फोटो बघितला आणि एवढंच विचारलं, "बफरमध्येच थ्रॉम्बिन सांडलंस का गं?" सांडलं नव्हतं. प्लेटलेट माझ्या हातात येईपर्यंतच भडकल्या होत्या. मग पुढचे तीन महिने मी थ्रॉम्बिनचा डोस बदलत बसले, अँटिबॉडी बदलली, जेलचं परसेंटेज बदललं, आणि घोळ सगळा होता सुईपासून सेंट्रिफ्यूजपर्यंतच्या पहिल्या दीड तासात.

म्हणून नवीन मुलं लॅबला आली की मी आधी हेच सांगते, प्लेटलेट अ‍ॅक्टिव्हेट करायला काही अक्कल लागत नाही, त्यासाठीच ती जन्माला आलीये, अवघड आहे ते तिला शांत ठेवणं. शून्य सेकंदाची, म्हणजे अजून न भडकवलेल्या प्लेटलेटची, लेन कोरी आली तरच पुढचं काही बोलायचं.

आत नक्की काय होतं, थोडक्यात

प्लेटलेटला न्यूक्लियस नसतो. दोन-तीन मायक्रॉनचा तुकडा, रक्तात सात ते दहा दिवस जगतो, एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख असतात, हे डेंग्यूच्या सीझनमध्ये पुण्यात कोणालाही झोपेतून उठवून विचारा, पाठ असतं. न्यूक्लियस नाही म्हणजे जीन बंद करून बघायची सोय नाही, बाहेरून जीन घालायची (ट्रान्सफेक्शन) पण नाही. माणसाच्या प्लेटलेटवर काम करायचं तर इन्हिबिटर (एखादं प्रोटीन अडवणारी रसायनं) टाकायचे आणि कोणतं प्रोटीन कधी फॉस्फोरिलेट झालं, म्हणजे त्याला फॉस्फेट लागला, ते ब्लॉटवर बघायचं, मुख्य हत्यारं ही दोनच.

आत शिरायचे मोठे रस्ते दोन. एक कोलॅजेनचा. रक्तवाहिनी फाटली की खालचं कोलॅजेन उघडं पडतं आणि प्लेटलेटवरचा जीपी-सिक्स रिसेप्टर त्याला चिकटतो. जीपी-सिक्सला स्वतःची शेपटी फारशी कामाची नाही, तो शेजारच्या एफसीआर-गॅमा साखळीवर अवलंबून, तिच्यावर आयटॅम नावाचा पट्टा असतो ज्यात दोन टायरोसिन (हे एक अमिनो आम्ल) असतात. सार्क घराण्यातले लिन आणि फिन हे कायनेज, म्हणजे फॉस्फेट लावणारी एन्झाइम, त्या दोन टायरोसिनवर फॉस्फेट लावतात, मग सिक नावाचं कायनेज तिथे येऊन बसतं, स्वतः अ‍ॅक्टिव्हेट होतं, लॅट नावाच्या प्रोटीनवर फॉस्फेट लागतात, आणि त्या मचाणावर पीएलसी-गॅमा-टू हे एन्झाइम चढतं.

दुसरा रस्ता जी-प्रोटीनवाल्या रिसेप्टरांचा. थ्रॉम्बिन येतं ते पार-वन आणि पार-फोर यांचं टोक कापतं, आणि कापून उघडं पडलेलं टोक त्याच रिसेप्टरला चावी लावतं, म्हणजे कुलुपातच चावी दडवलेली. एडीपी हा प्लेटलेट स्वतःच सोडते तो रेणू, त्याला दोन रिसेप्टर, पी-टू-वाय-वन आणि पी-टू-वाय-ट्वेल्व्ह. क्लोपिडोग्रेल जे हार्टवाल्या आजोबांना देतात ते या दुसऱ्याला बंद करतं. थ्रॉम्बॉक्सेन, तेही प्लेटलेटच सोडते, त्याचा रिसेप्टर वेगळा. पी-टू-वाय-ट्वेल्व्ह सोडला तर बाकीच्यांतून पीएलसी-बीटा चालू होतं.

पीएलसी कोणतंही असो, पुढे तेच, आयपी-थ्री आणि डीएजी हे निरोपे रेणू तयार होतात, आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं, पीकेसी हे कायनेज जागं होतं, रॅप-वन हे प्रोटीन चालू होतं, टॅलिन आणि किंडलिन-थ्री जाऊन आल्फा-टू-बी बीटा-थ्री इंटिग्रिनच्या (हाही प्लेटलेटवरचा रिसेप्टर) आतल्या शेपटीला धरतात आणि तो बाहेरून सरळ उभा राहतो. मग रक्तातलं फिब्रिनोजेन हे प्रोटीन त्याला चिकटतं, दोन प्लेटलेटमध्ये पूल होतो, गठ्ठा जमतो. आणि फिब्रिनोजेन चिकटल्यावर तोच इंटिग्रिन उलटा आत सिग्नल पाठवतो. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, पुढे हिच्यामुळेच सगळ्यात जास्त फसगत होते.

ब्रेकसुद्धा असतात. रक्तवाहिनीच्या अस्तरातून सतत प्रोस्टासायक्लिन झिरपत असतं, ते प्लेटलेटमधलं सायक्लिक एएमपी वाढवतं, पीकेए हे कायनेज चालू ठेवतं, आणि प्लेटलेट गप्प बसते. तुम्ही सुईने रक्त काढता त्या क्षणी हे अस्तर मागे राहतं. म्हणजे ट्यूबमधली प्लेटलेट ही आई घरी नसलेल्या पोरासारखी आहे, आता ती जबाबदारी तुमची.

रक्त देणारा

एथिक्स कमिटीची परवानगी आणि सही केलेली संमती आधी, त्याशिवाय मित्राचंसुद्धा रक्त घ्यायचं नाही. रक्त शिकलेल्या माणसानेच काढायचं.

डोनरला "गोळी घेतली का" असं विचारू नका, "नाही" म्हणूनच उत्तर येतं. नावं घेऊन विचारा. डिस्प्रिन घेतली का, इकोस्प्रिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लॅम, डोकं दुखलं तेव्हा काय घेतलं, दाढेला काय घेतलं. आमच्याकडे एकाने तीनदा नाही सांगितलं आणि चौथ्यांदा म्हणाला डिस्प्रिन काय औषध आहे का, ती तर पाण्यात विरघळते. अ‍ॅस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेन बनवायला लागणाऱ्या कॉक्स-वन एन्झाइमला कायमचं बंद करतं, आणि न्यूक्लियस नसल्याने प्लेटलेट नवीन एन्झाइम बनवू शकत नाही, म्हणून त्या प्लेटलेट मरून नवीन येईपर्यंत थांबायचं, आम्ही १४ दिवस धरतो. आयबुप्रोफेनचा परिणाम उतरतो लवकर पण आम्ही त्यालाही तोच नियम लावतो, हिशेब सोपा राहतो. आणि सकाळी सिगरेट ओढून, वर अमृततुल्यचे दोन कटिंग मारून आलेला डोनर परत पाठवा, दुसऱ्या दिवशी बोलवा.

रक्त काढताना

सुई २१ गेज किंवा त्याहून जाड. बारीक सुईतून जोरात ओढलं की प्लेटलेट घासल्या जातात. दंडाला पट्टा बांधायचाच तर हलका, आणि रक्त सुरू झालं की सोडून द्यायचा. पहिले दोन-तीन मिलि वेगळ्या ट्यूबमध्ये, कारण सुई टोचताना जखमेतलं, रक्त गोठवायला लावणारं टिश्यू फॅक्टर त्यात येतं. शीर नीट सापडली नाही आणि ताईंनी सुई आत फिरवली तर ते रक्त काउंटला वापरा, सिग्नलिंगला नको. यावर आमच्यात वाद होतात, डोनर परत मिळत नाही म्हणून, पण मी हट्ट सोडत नाही.

ट्यूबमध्ये ३.२ टक्के सोडियम सायट्रेट, एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त. जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब चालत नाही, तिथे कॅल्शियम इतकं ओढून घेतलं जातं की ३७ डिग्रीला तो इंटिग्रिनच सुटा होतो. ट्यूब हलक्या हाताने तीन-चारदा उलटी-सुलटी, जोरात हलवायची नाही.

आणि वाहतूक. आमचं रक्त सुरुवातीला दुसऱ्या ठिकाणी काढलं जायचं आणि मी ते अ‍ॅक्टिव्हाच्या डिकीत घालून आणायचे, विद्यापीठ चौकातून, मेट्रोचं काम चालू असताना, प्रत्येक खड्ड्यात ट्यूब धडाधड आपटतायत. हे मला कोणत्याच प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं सापडलं नव्हतं की प्लेटलेटला स्कूटरवर नेऊ नका. शक्यतो लॅबच्या शेजारच्या खोलीत काढा. नाहीच जमलं तर थर्माकोलच्या डब्यात कापूस भरून, उभ्या ट्यूब, मांडीवर, रिक्षाने.

बर्फ अजिबात नाही. बायोकेमिस्ट्रीतून आलेल्यांना हात लागेल ते बर्फात खुपसायची सवय असते. थंडीने प्लेटलेटचा आकार बदलतो, ब्लड बँकसुद्धा प्लेटलेटची पिशवी २० ते २४ डिग्रीला हलवत ठेवते ती उगाच नाही. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी लॅबमध्ये १७-१८ डिग्री असतं आणि बाकावर रात्रभर ठेवलेला बफरही तेवढाच गार, तो आधी वॉटर बाथमध्ये ठेवून घ्या.

पहिला स्पिन आणि आरपीएमचा घोळ

२०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट), १५ ते २० मिनिटं, खोलीच्या तापमानाला, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर शेवटी हिसका बसतो आणि लाल पेशी वर येतात.

सीनिअरच्या वहीत "१३५० आरपीएम" लिहिलेलं असतं आणि आपण तेच डोळे झाकून लावतो. जी म्हणजे १.११८ गुणिले दहाचा उणे पाचवा घात, गुणिले रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग. १० सेंटिमीटर त्रिज्येला २०० जी म्हणजे साधारण १३४० आरपीएम, आणि १६ सेंटिमीटरला तेच १०६०. तोच आकडा मोठ्या रोटरवर लावला की ३२० जी पडतात, अर्ध्या प्लेटलेट खाली लाल पेशींत जाऊन बसतात आणि आपण म्हणतो डोनरचा काउंट कमी आहे. एकदा पट्टी घेऊन त्रिज्या मोजा आणि सेंट्रिफ्यूजवर कागद चिकटवा.

वरचा पिवळसर थर म्हणजे पीआरपी, प्लेटलेटने भरलेला प्लाझ्मा. प्लॅस्टिकच्या पिपेटने सावकाश घ्या, काचेला हात लावू नका, आणि लाल पेशींच्या वर बोटभर जागा सोडा. लोभ करून शेवटचे दोन मिलि ओढले की पांढऱ्या पेशी येतात, आणि मग ब्लॉटवर जो एर्क या कायनेजचा बँड दिसतो तो कोणाचा हे देवच जाणे. ३० मिलि रक्तातून आठ-दहा मिलि मिळालं तर समाधानी राहा.

आता ट्यूब खिडकीकडे धरून हळूच फिरवा. शांत प्लेटलेट चपट्या असतात, त्यामुळे उजेडात रेशमी कापड हलावं तशी चंदेरी लहर फिरताना दिसते. भडकलेल्या गोल होऊन काटे काढतात, मग नुसता गढूळपणा दिसतो, लहर नाही. ही दहा सेकंदांची टेस्ट फुकट आहे आणि मी अजून प्रत्येक वेळी करते. लहर नसेल तर त्या दिवशी पुढे जाऊ नका, अँटिबॉडी महाग असते.

धुणं

थ्रॉम्बिन वापरायचं तर प्लाझ्मा काढावाच लागतो, नाहीतर फिब्रिनोजेनचा फिब्रिन होऊन ट्यूबमध्ये जेली जमते. पीआरपीमध्ये एसीडी हे सायट्रेटवालं आम्लयुक्त द्रावण टाकून पीएच ६.५ च्या आसपास आणायचा, आणि प्रोस्टाग्लँडिन ई-वन (पीजीई-वन) १ मायक्रोमोलर. हे त्या मागे राहिलेल्या अस्तराचं काम करतं. सोबत थोडं एपायरेज टाकतो आम्ही, फुटलेल्या पेशींतून सुटणारं एडीपी ते खाऊन टाकतं, नाहीतर पी-टू-वाय-वन थकून जातो आणि नंतर एडीपी दिलं तरी प्लेटलेट ढिम्म. मग १००० जी, १० मिनिटं.

तळाला पांढरी गोळी दिसेल. तिच्यावर पिपेट मारून वरखाली करायचं नाही. आधी वरचं सगळं काढा, कडेने थोडासा बफर सोडा, ट्यूब तिरकी धरून गोल फिरवा, गोळी स्वतःहून सुटली पाहिजे. गुठळ्या राहिल्या आणि त्या सुटतच नसतील तर समजा आधीच उशीर झालाय.

बफर म्हणजे टायरोड: सोडियम क्लोराइड १३४ मिलिमोलर, पोटॅशियम क्लोराइड २.९, डायसोडियम फॉस्फेट ०.३४, बायकार्बोनेट १२, हेपीस २०, मॅग्नेशियम क्लोराइड १, ग्लुकोज ५, पीएच ७.३. ग्लुकोज त्याच दिवशी टाका, आठवडाभर ठेवलेल्या बाटलीत बुरशी येते, पावसाळ्यात तर चार दिवसांत.

काउंट करून एका मिलिला ३० कोटीवर आणा आणि ३७ डिग्रीला अर्धा तास सोडून द्या. ही विश्रांती लोक घाईत खातात. पीजीई-वनचा असर उतरायला वेळ लागतो, आणि तो उतरला नाही तर उलटी तक्रार येते, थ्रॉम्बिन देऊनही काही होत नाही. याला एक सोपी युक्ती आहे, त्याच सॅम्पलमध्ये व्हॅस्प या प्रोटीनच्या १५७ व्या जागेवरचं सेरीन (हेही अमिनो आम्ल) बघा. पीकेए चालू असलं की तिथे फॉस्फेट लागतो आणि व्हॅस्प ४६ वरून ५० किलोडाल्टनवर सरकतं. शून्याच्या लेनमध्ये वरचा बँड ठळक आला म्हणजे प्लेटलेट शांत नाहीत, गुंगीत आहेत.

भडकवणं

अ‍ॅग्रिगोमीटर (गठ्ठा जमताना मोजणारं यंत्र) असेल तर त्यातच करा, ३७ डिग्री, ढवळणं १००० ते १२०० आरपीएम, म्हणजे आलेख आणि ब्लॉट एकाच सॅम्पलचे मिळतात. हे यंत्र ज्या तत्त्वावर चालतं ते गुस्ताव बॉर्नने १९६२ मध्ये दाखवलं, गठ्ठे झाले की गढूळ द्रव निवळतो आणि पलीकडे जास्त उजेड पोचतो, एवढीच गंमत, साठ वर्षं झाली तरी चालतंय.

थ्रॉम्बिन ०.१ युनिट प्रति मिलिपासून सुरू करा. १ युनिट दिलं की सगळंच पेटतं आणि कोणताही इन्हिबिटर काम करत नाही असं वाटतं. कोलॅजेन १ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि, आणि ते फ्रीझरमध्ये ठेवू नका, त्याचे धागे हवेत तसे राहत नाहीत, आणि घ्यायच्या आधी बाटली हलवा कारण ते तळाला बसतं. एडीपी १० मायक्रोमोलर, पण धुतलेल्या प्लेटलेटला एडीपीबरोबर फिब्रिनोजेनही बाहेरून द्यावं लागतं नाहीतर गठ्ठा धड होत नाही.

आता ती फसगत. गठ्ठा होऊ दिला तर दोन-तीन मिनिटांनी दिसणाऱ्या सिग्नलमध्ये तिघं मिसळलेले असतात, तुम्ही भडकवायला दिलेलं अ‍ॅगोनिस्ट, प्लेटलेटने स्वतः सोडलेलं एडीपी आणि थ्रॉम्बॉक्सेन, आणि इंटिग्रिनचा तो उलटा सिग्नल. माझं अर्धं वर्ष "जीपी-सिक्समुळे एकेटी हे कायनेज चालू होतं" असं लिहिण्यात गेलं, एपायरेज आणि थ्रॉम्बॉक्सेन बनू न देणारं इंडोमेथासिन टाकल्यावर त्यातलं बरंचसं गायब झालं, म्हणजे तो वाटा मधल्या एडीपी-थ्रॉम्बॉक्सेनचा होता. म्हणून एक सेट नेहमी इप्टिफिबॅटाइड टाकून करा, इंटिग्रिन बंद, गठ्ठा नाही, आणि वर लायसिसही सगळ्या लेनमध्ये सारखं होतं.

वेळा ०, १५, ३०, ६०, १२० आणि ३०० सेकंद. सिकचं फॉस्फोरिलेशन लवकर वर जातं, फक्त पाच मिनिटांचं सॅम्पल घेतलंत तर तुम्ही वरात निघून गेल्यावर पोचलात. शून्याच्या सॅम्पललाही ढवळा आणि तेवढाच बफर टाका. इन्हिबिटर डीएमएसओ या द्रावकात असेल तर कंट्रोललाही तेवढंच डीएमएसओ.

थांबवणं

इथे सेकंद मोजायचे. साधा ब्लॉट करायचा असेल तर गरम सॅम्पल बफर थेट क्युव्हेटमध्ये घाला आणि ९५ डिग्रीला पाच मिनिटं, त्यातल्या एसडीएस या डिटर्जंटने सगळी एन्झाइम जागच्या जागी मरतात. इम्युनोप्रेसिपिटेशन, म्हणजे अँटिबॉडीने एकच प्रोटीन ओढून काढणं, करायचं असेल तर सौम्य लायसिस बफर लागतो आणि मग फॉस्फेट काढून टाकणारी फॉस्फेटेज एन्झाइम जिवंत राहतात, त्यात सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट हवंच, शिवाय कॅल्पेनला आवरायला ल्युपेप्टिन, प्लेटलेटमध्ये कॅल्पेन भरपूर असतं आणि ते टॅलिनसारखी प्रोटीनं कुरतडून टाकतं.

व्हॅनाडेट पावडर पाण्यात विरघळवून तसंच वापरणारे मी बघितलेत. पीएच १० ला आणा, पिवळं असेल तर रंग जाईपर्यंत उकळा, गार करा, पीएच परत बघा, परत पिवळं झालं तर परत उकळा. रंगहीन राहिलं की झालं. एरवी त्याचे रेणू एकमेकांना चिकटून बसलेले असतात आणि टायरोसिन फॉस्फेटेज मजेत काम करत राहतात.

ब्लॉट आणि तो वाचणं

१० टक्के जेल, पीव्हीडीएफची पट्टी. ब्लॉकिंगला दूध पावडर नको, त्यातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, पाच टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या. फॉस्फो अँटिबॉडी, म्हणजे फॉस्फेट लागलेलं प्रोटीनच ओळखणारी, ४ डिग्रीला रात्रभर. सकाळी फोटो, मग स्ट्रिप करून त्याच पट्टीवर टोटल प्रोटीन, हाच क्रम, उलटा नाही.

सिकला टायरोसिन ५२५ आणि ५२६, पीएलसी-गॅमा-टूला टायरोसिन ७५९, एकेटीला सेरीन ४७३, एर्कला थ्रिओनिन २०२ आणि टायरोसिन २०४, यापासून सुरुवात करा. पण फॉस्फेट दिसला म्हणजे प्रोटीन चालू झालं असं नसतं. सार्कच्या शेपटीवरचा टायरोसिन फॉस्फोरिलेट असतो तेव्हा ते बंद असतं, तो निघाला की उघडतं. वर सांगितलेला व्हॅस्पचा बँड तर ब्रेकचाच. कोणती जागा, हे बघितल्याशिवाय "अ‍ॅक्टिव्हेट" शब्द लिहू नका, रिव्ह्यूअर तिथेच पकडतात, आणि बरोबर पकडतात.

एवढं करूनही शून्याची लेन काळी आली तर मागे मागे जा. लहर दिसली होती का, बफर गार होता का, गोळीवर पिपेट मारलं का, रक्त काढायला किती वेळ लागला. मी वहीत प्रत्येक डोनरपुढे सुई टोचल्यापासून शेवटची ट्यूब भरेपर्यंतची मिनिटं लिहिते, आणि माझ्या काळ्या लेन बहुतेक पाच मिनिटांच्या वरच्या आहेत.

डोनर कमीत कमी तीन, वेगवेगळ्या दिवशी, आणि त्यांचं रक्त एकत्र करायचं नाही. एकाची प्लेटलेट १ मायक्रोग्रॅम कोलॅजेनला उसळते, दुसऱ्याला ३ लागतात, म्हणून प्रत्येकाचा डोस आधी अ‍ॅग्रिगोमीटरवर ठरवून घ्या. धुतल्यापासून तीन तासांच्या आत सगळं उरका. उरलेलं हायपोक्लोराइटमध्ये, सुया पांढऱ्या डब्यात, हेपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर मुळात बाकाला हात लावायचा नाही. आणि डोनरला बिस्किटाचा पुडा देऊन, पुढच्या वेळी दाढ दुखली तर क्रोसिन घ्या असं सांगून पाठवा.